खराडे मास्तरांचा डावा पाय

संध्याकाळचे पाच वाजायला आले की आमच्या वरच्या मजल्यावर चपलांचा आवाज सुरू व्हायचा. आधी खिडकीपासून दारापर्यंत, मग दारापासून खिडकीपर्यंत. मग कडी वाजायची. मग हेमलताचा आवाज, "अहो, चहा व्हायचाय अजून." क्षणभर शांतता, आणि पुन्हा चपला. मी खाली खुर्चीत बसून छताकडे बघत असे. माझं निम्मं आयुष्य विंगेत उभं राहण्यात गेलं. पडद्यापलीकडे कोण चाललंय आणि कशासाठी, हे पावलांवरून कळायची सवय अजून गेलेली नाही. ही पावलं फिरायला निघालेल्या माणसाची नव्हती. उशीर झालेल्या माणसाची होती.

वर शशिकांत खराडे राहतात, हेमलता त्यांची बायको. वय त्र्याहत्तर. आर. के. पुरममधलं हे सरकारी क्वार्टर त्यांच्या मुलाला, सुधन्वाला मिळालेलं. खालचं माझ्या लेकीला. म्हणजे आम्ही दोघंही मुलांच्या नोकरीच्या आधाराने दिल्लीत टेकलेली म्हातारी माणसं. मी संगीत नाटकांतून गावोगाव हिंडून शेवटी इथे आले. खराडे मात्र एकविसाव्या वर्षी, नोकरीची ऑर्डर खिशात घालून, सांगलीकडून आले आणि इथलेच झाले. एका मंत्रालयाच्या जावक विभागात क्लार्क. पाकिटावर पत्ता, पत्त्याशेजारी शिक्का, वहीत नोंद. एकोणचाळीस वर्षं हेच. असा माणूस रस्त्याने चालला तर कुणी मान वळवून बघणार नाही.

पण लक्ष्मीबाई नगरात एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीपुढे लेझीम हवं होतं. "कुणाला येतं का?" असं मंडळाच्या बैठकीत विचारलं गेलं. सगळ्यांत मागे बसलेल्या खराड्यांनी हात वर केला, आणि तो हात पुढची एकतीस वर्षं खाली आला नाही. ऑफिसातून साडेचारला सुटायचं, घरी सायकल टेकवायची, पाचला मैदानावर. तमिळ साहेबांची मुलगी, समोरच्या सरदारजींची दोन मुलं, मराठी घरांतली सगळी पोरं, अशी चोवीस जणांची फलटण. जावक विभागात ते "खराडे जी" होते. मैदानावर मात्र सगळ्या कॉलनीचे मास्तर.

मी त्यांना तेव्हाच एकदा पाहिलं होतं. आमच्या कंपनीचा दिल्लीत प्रयोग होता आणि त्याआधी मैदानात यांचं लेझीम. तोंडाला रंग लावून मी अर्धा तास ताटकळले होते. रागारागाने पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर आमच्याकडे पाठ करून एक सडपातळ माणूस उभा, समोर चोवीस मुलं, आणि मैदानभर तो झणझणाट. राग कुठल्या कुठे गेला, पण पाहिलेलं नीट डोक्यात शिरलं नाही. ते शिरायला तीस वर्षं लागली.

चार वर्षांपूर्वी खराड्यांचं विसरणं सुरू झालं. आधी पत्ते, मग नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. पुढे पुढे वार गेले, महिने गेले. उरलं ते एकच: त्यांच्या डोक्यात बाराही महिने गणपतीला वीस दिवस असत, पाच वाजत आलेले असत, आणि पोरं मैदानावर उभी असत. हेमलताने लेझीमची पेटी माळ्यावर टाकून पुढे जुन्या रजया रचल्या, कारण ती दिसली की माणूस दारात. नाही दिसली तरी दारातच.

मी काय केलं? मी माझी पेटी घेऊन वर गेले. हार्मोनियम. म्हटलं, माणूस संगीतातला आहे, सुरांनी शांत होईल. रोज साडेचारला मी बसायची, एकेक पद काढायची. खराडे मान डोलवायचे, "वा" म्हणायचे, अगदी समेवर. आणि पाच वाजता उठायचे. "छान चाललंय हां बाई तुमचं. येतो मग. पोरं थांबलीत." ज्या पदाला नागपुरात तीन वेळा वन्स मोअर मिळाला, त्याच्या मधोमध हा माणूस चपला शोधत असे. हेमलता खजील व्हायची. मी म्हणायची, "असू दे ग. प्रेक्षक उठून जाण्याची मला सवय आहे." नव्हती खरं तर.

जानेवारीच्या मध्यावर ते निसटले. हेमलता न्हाणीघरात होती तेवढ्या दहा मिनिटांत. तीन तास आम्ही सगळे सेक्टर पालथे घातले. शेवटी सुधन्वाला सुचलं आणि तो गाडी घेऊन थेट लक्ष्मीबाई नगरला गेला. जुनी क्वार्टरं पाडून तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यांच्या फाटकाशी खराडे पहारेकऱ्याशी भांडत होते. "मैदान किधर रखा आप लोगोंने?" गुडघा फुटलेला. येताना रिंग रोड ओलांडताना एका बसने जेमतेम ब्रेक लावला होता, ते तिथल्या भाजीवाल्याने सांगितलं.

त्या दिवशी सुधन्वा आईसमोर बसला. मी तिथेच होते. तो शांत मुलगा आहे, आवाज चढवत नाही.

"आई, गुरुग्रामची जागा मी बघून आलोय. चांगली आहे. नर्स असते, डॉक्टर येतात. एक तारखेपासून तिथेच राहतील बाबा."

"तिथे काय आहे जे इथे नाही?"

"कुलूप आहे, आई."

"कुलूप मलाही लावता येतं."

"लावलं होतंस? आज?"

हेमलताने दाराच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते दिवसाचं केंद्र म्हणत होतास ना तू. सफदरजंग एन्क्लेव्हमधलं. सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं. दमले तर संध्याकाळी बसतील घरात. तिथे विचार ना एकदा."

"विचारलंय. तिथे गट असतो. गाणी लावून खुर्चीत बसून व्यायाम, असं सगळं. त्यांना माणूस गटात बसायला हवा, सांगितलेलं करायला हवा. बाबा दोन मिनिटं बसत नाहीत."

"तीन दिवस बघतात म्हणे ते."

"बघतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार." त्याने डोळे चोळले. "बिल्कुल ठीक आहे. तीन दिवस. नाही जमलं तर एक तारीख. मावशी, तुम्ही साक्षीदार."

म्हणजे माझी भूमिका ठरली. सुधन्वाला ऑफिस, हेमलताला एकटीने त्यांना रिक्षातून नेणं अवघड. मी सोबत जायचं.

सोमवारी गेलो. एका जुन्या कोठीचा तळमजला, ऊन येणारी मोठी खोली, गोलात मांडलेल्या चौदा खुर्च्या. व्यायाम घेणारी मुलगी अनुष्का, पंचविशीची, आवाज मोकळा. जुनी हिंदी गाणी लागली आणि खुर्च्यांतली माणसं हळूहळू हलायला लागली. कुणी टाळी देत होतं, कुणी नुसतं पाऊल आपटत होतं. एक आजोबा एरवी एक अक्षर बोलत नाहीत म्हणे. ते गाण्याची अख्खी ओळ म्हणून गेले. मला भरून आलं. आणि आमचे खराडे? गोलाला एक फेरी. दाराशी. परत. खुर्चीत बसवलं, उठले. गोलाच्या मध्ये गेले, चहूकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि दाराकडे निघाले.

"अंकल जी, मेरे साथ. दायां हाथ ऊपर!"

अंकलजींचा डावा वर.

"ये नहीं, दूसरा वाला."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हात खाली टाकला. "पाच वाजले का?" त्यांनी मला विचारलं. सकाळचे साडेअकरा झाले होते.

बुधवार त्याहून वाईट. पायांचा व्यायाम होता. अनुष्काने "दायां पैर" म्हटलं की सगळ्यांचा उजवा पाय पुढे, आणि यांचा डावा, तोही आडवा आणि जोरात. शेजारच्या ग्रोव्हर आंटींच्या नडगीला लागला.

"हाय रे! बेटा, इनको कहीं और बिठाओ. मेरी टांग का क्या कसूर है?"

हेमलता हात जोडून माफी मागत राहिली. खराडे तोवर दाराशी. निघताना अनुष्काने तिच्या कागदावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवलं. मुलगी सरळ होती, लपवाछपवी नव्हती. बसत नाहीत. सूचना उलट्या समजतात. डावं-उजवं राहिलेलं नाही.

"आंटी जी, मैं चाहती हूँ कि ये आएं. पर बाकी लोगों को चोट लगी तो मुश्किल है. शुक्रवार को देखते हैं."

रिक्षात हेमलता बाहेर बघत होती. खराडे दोघींच्या मध्ये, गुडघे हलवत. आफ्रिका अव्हेन्यूचा सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "कुसुमताई, शर्टांवर नावं घालावी लागतात म्हणे. तिथे. गुरुग्रामला. धोब्याकडे सगळ्यांचे एकत्र जातात ना." आयुष्यभर संवाद पाठ केले, नेमक्या वेळी एक आठवत नाही.

गुरुवारी मी ठरवलं, तालीम घ्यायची. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुसरं काय करतात! दुपारी वर गेले. हेमलताला त्यांच्या शेजारी उभं केलं, म्हणजे ती हात धरून सांगेल. मी समोर उभी राहिले, करून दाखवायला. टाळीवर ठेका धरला.

"उजवा हात!" हेमलता म्हणाली.

तिचा उजवा. माझा उजवा. त्यांचा डावा.

"अहो, उजवा. हा. जेवायचा."

"कळतं मला," खराडे म्हणाले. चिडले होते.

"मग करा ना!"

"करतोय की!"

पुन्हा. "उजवा पाय!" त्यांचा डावा. पुन्हा. डावा. हेमलता कंटाळून पलंगावर बसली. "जाऊ दे, ताई. गेलंय ते सगळं. उगीच त्यांचा छळ."

मी मात्र ठेका सोडला नव्हता. माझंच पाऊल ठेक्यावर पडत होतं, उजवं, डावं, उजवं. समोर खराडे. मी उजवं टाकलं की त्यांचं डावं. मी डावं टाकलं की त्यांचं उजवं. एकदाही चूक नाही. आरशात पाहावं तसं. आणि मग ते मला म्हणाले, "खांदा. खांदा सैल सोड. किती वेळा सांगायचं?"

ते "बाई" म्हणाले नाहीत. मला अरेतुरे केलं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखते. रांगेत ढिसाळ उभ्या असलेल्या पोरीकडे मास्तर बघतो ती नजर.

मी टाळी थांबवली.

आमच्या कंपनीत नाच बसवणारे एक मास्तर होते. रोज आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि "उजवा" म्हणून स्वतःचा डावा पाय टाकायचे, म्हणजे आम्हाला नुसतं बघून करता यावं. पंचवीस वर्षं असंच. एकदा इंदूरच्या प्रयोगाला दरबारातल्या सेवकांपैकी एक जण तापाने आडवा झाला, म्हणून मास्तर स्वतः पोशाख चढवून रांगेत उभे राहिले. सगळी रांग उजवीकडे वळली, मास्तर डावीकडे. शेजाऱ्याची पगडी उडाली. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. लोक पोट धरून हसले. पडदा पडल्यावर मास्तर एका खोक्यावर बसून म्हणाले, "तुमचा उजवा तो माझा डावा, असं अंगाला इतकी वर्षं शिकवलं. आता एका रात्रीत त्याला काय सांगू?"

"हेमलता," मी म्हटलं, "यांचं काही चुकत नाहीये ग. आपण यांना रांगेत बसवतोय. हे रांगेत कधी होते? एकतीस वर्षं रांगेसमोर होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. स्टूल घेतलं, माळ्यावरच्या रजया खाली ओढल्या. पेटीतून एक लेझीम काढलं, चकत्या वाजू नयेत म्हणून त्यांना रुमाल गुंडाळला, आणि कापडी पिशवीत घातलं. "नेते फक्त," ती म्हणाली. "काढणार नाही. हे दिसलं की पळतात."

शुक्रवारी अनुष्काला मी दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण डोळे घड्याळाकडे.

"मतलब अंकल जी क्लास लेंगे?"

"पाच मिनिटं फक्त."

"आंटी जी, यहां कोई किसी की नहीं सुनता. मेरी भी मुश्किल से." तिने खोलीकडे पाहिलं. "चलो. पांच मिनट. पर मैं बगल में रहूंगी."

तिने खराड्यांना गोलाच्या मध्यभागी नेलं. "अंकल जी, अब आप कराइए."

खराडे उभे राहिले. एका बाजूला वळले, दुसऱ्या बाजूला वळले. कपाळावर त्याच आठ्या. मग हात झटकले आणि दाराकडे चालायला लागले. हेमलताने डोळे मिटून घेतले. अनुष्का हळूच म्हणाली, "कोई बात नहीं."

दारापर्यंत जाऊन ते परत आले. पुन्हा मध्यभागी. पुन्हा गोल फिरून बघितलं. हा माणूस काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं, आणि माझ्यासारख्या जन्मभर रंगमंचावर वावरलेल्या बाईला ते सोमवारपासून दिसायला हवं होतं. गोलाला समोर कुठे असतं? जिकडे तोंड कराल तिकडे अर्ध्यांकडे पाठ!

"खुर्च्या!" मी ओरडले. "अनुष्का, कुर्सियां लाइन में! दो लाइन!"

चौदा म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांसकट हलवायचं म्हणजे काय कल्लोळ झाला असेल. "अब कहां ले जा रहे हो?" "मेरा शॉल!" "हिलना मना था ना?" पुढे सात, मागे सात. रांगा वेड्यावाकड्याच लागल्या. मला वाटलं, झालं एवढं पुरे. पण खराडे थांबले होते. ते रांगेकडे बघत होते. मग पुढे आले, एका आजोबांची खुर्ची वीतभर मागे सारली, पुढच्यांच्या खांद्याला बोट लावून अंतर दाखवलं, ग्रोव्हर आंटींपाशी येऊन म्हणाले, "कोपर!"

"क्या बोल रहे हैं?"

"कोहनी," मी म्हटलं. "अंदर लीजिए."

"तो कोहनी बोलो ना!" आंटींनी कोपर आत घेतलं.

सगळी रांग तपासून खराडे समोर जाऊन उभे राहिले. पाठ ताठ. दोन्ही हात छातीशी आले, मुठी अर्ध्या मिटलेल्या, आणि अंगठे हवेत काहीतरी चाचपत राहिले. पुढे काही होईना. मी हेमलताकडे पाहिलं. तिचा हात पिशवीत होता, पण बाहेर येत नव्हता. तिची भीती मला कळत होती. मग ती उठली, त्यांच्यापाशी गेली आणि लेझीम त्यांच्या हातात दिलं. खराड्यांनी त्यावरचा रुमाल सोडला, नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच वेळी दारात सुधन्वा येऊन उभा राहिला. काखेत गुरुग्रामच्या कागदांची फाइल.

खराड्यांना तो दिसला.

"उशीर?" ते म्हणाले. "मागे उभा राहा. पुढं जागा नाही."

सुधन्वाने मला एकदा सांगितलं होतं की बाराव्या वर्षी त्याने लेझीम सोडलं. कारण बाबा त्याला कधी पुढच्या रांगेत घेत नसत. मास्तरांचा मुलगा म्हणून पुढे, असं कुणी म्हणायला नको. त्याचा तो राग अजून होता. तो दारात घुटमळला. मग मागच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला, फाइलसकट.

"चार आवाज!" खराड्यांनी लेझीमच्या पहिल्या धड्याची हाक दिली. "हुश्शार! एक!"

लेझीम वाजलं. बंद खोलीत तो आवाज केवढा मोठा! दोघीजणी दचकल्या. "उजवा!" आणि त्यांचा डावा पाय पुढे आला. अनुष्काने पहिल्या रांगेच्या कडेला उभं राहून आपला उजवा टाकला, आणि तिच्या बाजूचे चार-पाच जण, ज्यांना मराठी शब्द कळत नव्हता, ते नुसते समोर बघून बरोबर तोच पाय हलवत होते. सगळे नाही. एक आजी झोपल्या होत्या. एक गृहस्थ भलत्याच ठेक्यावर टाळ्या वाजवत होते. पण ग्रोव्हर आंटींचा पाय पडत होता, आणि न बोलणारे आजोबा "दोन, तीन" म्हणत होते, कुठून उचलले कुणास ठाऊक. खराडे आकडे मोजत, ओरडत, रांगेवरून नजर फिरवत होते. "मागे! लक्ष कुठंय?" सुधन्वाचे दोन्ही हात वर गेले आणि फाइल जमिनीवर पडली. त्याने ती तशीच राहू दिली.

चार मिनिटं. माझं घड्याळ खोटं बोलत नाही. मग ते थांबले, लेझीम हेमलताच्या हातात दिलं, "उद्या वेळेवर," असं सगळ्यांना बजावलं आणि दाराकडे चालू लागले.

मला वाटलं, चार मिनिटांत कोण काय देणार. अनुष्का घाम पुसत आली. तिने सुधन्वाला सरळ सांगितलं: आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते दुपारी दोन, घरचं एक माणूस सोबत, आणि रोज खुर्च्या रांगेत लावून दहा मिनिटं अंकलजींची. "गारंटी नहीं है," ती म्हणाली. "आज हाथ-पैर को याद था. किसी दिन नहीं भी रहेगा. तब फिर बात करेंगे."

सुधन्वाने फाइल उचलली, तिच्यावरची धूळ झटकली. "तीन दिवस," तो आईला म्हणाला. "आणि बाकीचे चार? आणि रोज पाच वाजता?"

"बाकीच्या दिवशी मी उभी राहीन," हेमलता म्हणाली.

"कुठे?"

"रांगेत."

एकतीस वर्षं हिने त्या मैदानावर सरबताच्या बादल्या पाठवल्या होत्या. खरचटलेल्या गुडघ्यांना हळद लावली होती. लेझीम एकदाही हातात धरलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

एक तारीख येऊन गेली. गुरुग्रामचे कागद सुधन्वाच्या कपाटात आहेत. त्याने फाडले नाहीत, आणि त्याला कुणी तसं म्हटलंही नाही. केंद्रात काही दिवस खराडे दहाच्या दहा मिनिटं उभे राहतात, काही दिवस रांगेकडे बघतही नाहीत. घरी त्यांची अस्वस्थता गेलेली नाही. पाचाला दहा कमी असताना चपला सुरू होतातच. फक्त आता कडी वाजली की हेमलता "चहा व्हायचाय" म्हणत नाही. ती पदर खोचते आणि म्हणते, "चला, उशीर होतोय." खाली उतरताना माझं दार ठोठावते.

आमच्या इमारतींच्या मधल्या हिरवळीवर रांग लागते. रांग म्हणजे ती आणि मी. माझे गुडघे असे, की पवित्रा घेताना देव आठवतो. कॉलनीतली माणसं कुत्री फिरवता फिरवता थांबून बघतात. मला प्रेक्षक चालतात.

काल खराडे फार चुळबुळत होते. समोर उभे राहायचे, फाटकाकडे जायचे, परत यायचे, दोघींना मोजायचे.

"दोघीच? बाकीचे कुठं राहिले?"

"येतायत, मास्तर," मी म्हटलं.

ते हेमलतासमोर थांबले. तिचं लेझीम उलटं धरलेलं होतं. त्यांनी ते तिच्या हातात सरळ केलं, तिची चार बोटं आणि अंगठा जिथल्या तिथे ठेवला.

"नवीन का तुम्ही?"

"हो," हेमलता म्हणाली. "नवीनच आहे."

"घाबरायचं नाही. पायाकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

"बघते."

फाटकाशी गाडी थांबली. सुधन्वा उतरला, ऑफिसची बॅग हिरवळीच्या कडेला ठेवली आणि कुणी न सांगता आमच्या मागे येऊन उभा राहिला. खराड्यांनी मोजलं. तीन. त्यांचं समाधान झालं नाही. नजर पुन्हा फाटकाकडे गेली, तिथे थोडी रेंगाळली.

"ठीक आहे. येतील तोवर चार आवाज," ते म्हणाले. "हुश्शार! उजवा!"

आणि त्यांचा डावा पाय पुढे आला.